तुमची हिरवी पिशवी, आमच्या डोईवरची पाटी

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'पर्यावरणपूरक जगणं आणि आपली रोजची खरेदी'. आमच्या टोळीतल्या एकाने तो ऐकला आणि हसत सुटला. म्हणाला, तुझी रोजची खरेदी म्हणजे दोन वडापाव, एक कटिंग आणि महिन्याचं रिचार्ज. त्यात पृथ्वीला काय धोका? त्याचं बरोबर आहे. तरी मी विषय घेतला. मी मॅट्रिक झालेला माणूस, शास्त्रज्ञ नाही. पण मी गोदीत माल उचलतो. जगातून जो माल या शहरात येतो त्यातला थोडा माझ्या पाठीवरून जातो. आणि त्याच मालाचा कचरा झाला की आमच्या गल्लीतल्या मावश्या तो वेचतात. मधल्या दोन-चार दिवसांत कोणीतरी तो विकत घेतो, फोडतो, वापरतो, फेकतो. या मधल्या माणसाला ग्राहक म्हणतात. आणि सगळी चर्चा चालते ती या एकट्याची. त्याने कुठली पिशवी घ्यावी, कुठला ब्रश वापरावा, कशाने त्याच्या जिवाला बरं वाटेल. त्याच्या आधीचा हात आणि त्याच्या नंतरचा हात या चर्चेत येतच नाही. मी त्या दोन हातांविषयी बोलणार आहे.

मागे एका पॉश दुकानात खोकी पोचवायला गेलो होतो. दुकानात सगळं हिरवं. बांबूचा दात घासायचा ब्रश. काथ्याची भांड्याची घासणी. मातीची पाण्याची बाटली. पत्रावळ्या, दहाचं पाकीट, आणि त्या पाकिटावर प्लास्टिकचं वेष्टन! जुन्या लुगड्यांची गोधडी भिंतीला टांगलेली, तिची किंमत माझ्या दहा-बारा दिवसांच्या हजेरीएवढी. आमच्या आजीने अशा किती वाकळा शिवल्या. तेव्हा तिला पृथ्वी वाचवायची नव्हती, पोरं थंडीने कुडकुडत होती. तिच्या वाकळेला कोणी सस्टेनेबल म्हटलं नाही. महारा-मांगाची चिंधी म्हटलं.

आणि ती मातीची बाटली. मला ती बघून पेशवाई आठवली. गळ्यात मडकं, कमरेला झाडू. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडकं, पावलं पुसली जावीत म्हणून झाडू. जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि करू न दिलेलं बाबासाहेबांचं १९३६ सालचं भाषण वाचा, त्यात हे दिलंय. आता बघा, माती आणि गवत, दोन्ही वस्तू शंभर टक्के निसर्गात मिसळणाऱ्या! आजच्या भाषेत आमचे पूर्वज या देशातले पहिले पर्यावरणपूरक नागरिक होते म्हणायचं. हसू नका. हे मी विनोदासाठी सांगत नाही. वस्तू मातीची आहे की प्लास्टिकची हे बघितल्याने ती कुणाच्या गळ्यात बांधली ते कळत नाही.

गावगाड्याचंही तेच. काही लोक आता शहरात बसून गावाचं गुणगान गातात. म्हणे जुन्या गावात काही वाया जात नव्हतं, कचरा म्हणून नव्हताच. नव्हता ना! कसा असेल? उष्टं महारवाड्यात जायचं. फाटकं धडुतं महारवाड्यात जायचं. मेलेलं ढोर महारानं ओढायचं, ढोरानं कातडं कमवायचं, चांभारानं वहाण शिवायची. गावाचा सगळा कचरा जिरवायची सोय होती आणि त्या सोयीचं नाव जात होतं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळे तुकडे सोडा. पाणी तर प्यायलेच, पण गावाचा कचरा पोटात घ्यायलाही नकार दिला. त्या नकाराबद्दल गावोगाव आपल्या लोकांवर बहिष्कार पडले. आणि ८९ वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, गुजरातेत उन्याजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून मारलं, तेव्हा सुरेंद्रनगरच्या दलितांनी काय केलं? मेलेली जनावरं नेऊन कलेक्टर कचेरीपुढे टाकली. आणि उचलायचं बंद केलं. चार दिवसांत सरकारच्या नाकाला वास पोचला. पर्यावरणाचा यापेक्षा सोपा धडा मला कुठल्या पुस्तकात दिसलेला नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुला हवापाण्याची पर्वा नाही. तसं नाही. उकाडा वाढला तर पहिली तापतो ती आमची पत्र्याची खोली. पूर आला तर पहिलं पाणी आमच्या चुलीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काय झालं ते आमच्या आयांना विचारा. गटारं तुंबली, आणि खापर फुटलं ते प्लास्टिकच्या पिशवीवर. मग ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदी आली. पिशव्यांनी गटारं तुंबतात हे खरंच आहे. पण मिठी नदीच्या कडेची खाजणं भरून कुणी टोलेजंग कचेऱ्या बांधल्या, विमानतळापाशी नदीला काटकोनात कुणी वळवलं, तो भराव काय भाजीवालीने घातला? भराव तसाच राहिला. पिशवी मात्र गुन्हेगार ठरली.

मग २०१८ साली महाराष्ट्रात मोठी बंदी आली. मार्चात अधिसूचना, २३ जूनपासून दंड. पहिल्यांदा सापडला तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. पाच हजार! गजरे विकणारी बाई पाच हजार एकरकमी कधी बघते? महापालिकेची निळ्या कोटातली माणसं बाजारात फिरायला लागली. आणि कारखान्यातच माल भरून बाहेर पडणारं वेष्टन? त्याला सूट. बिस्किटाचा पुडा, वेफर्सचं पाकीट, शाम्पूची पुडी, सगळं कायदेशीर. भाजीवालीची पिशवी बेकायदा, कंपनीचं पाकीट कायदेशीर. १ जुलै २०२२ ला केंद्राची बंदी आली, त्यातही काड्या, चमचे, ताटल्या, फुग्याच्या दांड्या यांचीच यादी. पुडी सुटली.

या पुडीवर जरा थांबतो, कारण सगळी मेख इथे आहे.

रुपयाची शाम्पूची पुडी कोण घेतं? आपण घेतो. शंभर-दोनशेची बाटली एकदम घ्यायला हातात पैसे नसतात म्हणून. कंपनीला हे ठाऊक आहे. गरिबाच्या रोजच्या रुपयावर तिचा धंदा चालतो. ती पुडी एकाच थराची नसते. प्लास्टिक, त्यावर चमकीचा धातूचा थर, पुन्हा प्लास्टिक, सगळं असं चिकटवलेलं की सुटं करता येत नाही. म्हणून भंगारवाला ती घेत नाही. आमच्या मावशीला विचारा, कचऱ्याचं शास्त्र तिला तोंडपाठ आहे. पाण्याची बाटली उचलायची, पुठ्ठा उचलायचा, पत्रा, काच, दुधाची पिशवी, तांब्याची तार दिसली तर सोनंच. पुडीला हात लावायचा नाही, दिवसभर वेचली तरी कवडी मिळणार नाही. तिने ज्याला हात लावला नाही तेच समुद्रात जातं, गटारात जातं, गाईच्या पोटात जातं. समुद्रावरच्या कचऱ्याचे फोटो छापून येतात ना, तो मावशीने नाकारलेला माल असतो.

२०१६ च्या केंद्राच्या नियमात लिहिलं होतं की ज्याचं पुन्हा काही बनवता येत नाही असं बहुथरी वेष्टन दोन वर्षांत बंद करा. दोन वर्षं झाली. बंद काय झालं? २०१८ साली नियमाचं वाक्य बदललं. पुन्हा काही बनवता येत नसेल, जाळून ऊर्जाही काढता येत नसेल, दुसरा काही उपयोगही नसेल, असं वेष्टन बंद. म्हणजे जाळता आलं तरी चालेल. आणि जाळता काय येत नाही? याच २०१८ सालात भाजीवालीला पाच हजारांचा दंड लागला, आणि कंपनीसाठी कायद्याचं व्याकरण सुधारलं.

हे काही आपल्याकडेच झालेलं नाही. अमेरिकेत १९५३ साली डबे-बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' नावाची संस्था काढली. १९७१ मध्ये तिने टेलिव्हिजनवर जाहिरात केली. एक रेड इंडियन माणूस होडीतून येतो, कोणीतरी धावत्या मोटारीतून त्याच्या पायाशी कचरा फेकतो, आणि त्याच्या डोळ्यातून एक अश्रू गळतो. जाहिरात सांगते, प्रदूषण माणसं सुरू करतात, माणसंच थांबवतील. कंपन्या नव्हे हां, माणसं! आणि तो रडणारा आदिवासी? तो नट मूळचा इटालियन आईबापांचा पोरगा होता. ज्यांची जमीन घेतली त्यांचा अश्रूसुद्धा भाड्याचा. पुढे २००४ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने लोकांना आपापला 'कार्बन फूटप्रिंट' मोजायचं यंत्र इंटरनेटवर काढून दिलं. तेल उपसणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला सांगायचं, बाबा रे, तुझ्या पावलाचा ठसा मोज. आमच्या पावलांचे ठसे पुसायला पूर्वी झाडू दिला होता, आता मोजायला यंत्र दिलं.

मोजायचंच तर मोजू. भारतातल्या माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेतल्या माणसामागे सुमारे चौदा टन. आणि भारतातला माणूस म्हणजे तरी कोण? त्यात तीन मोटारी आणि खोलीखोलीत एसी असलेला मलबार हिलवालाही आला आणि देवनारची मावशीही आली. सरासरी काढली की मावशीच्या खात्यात त्याचा धूर जमा. ऑक्सफॅमने २०१५ साली हिशेब दिला होता, जगातले सगळ्यात श्रीमंत दहा टक्के लोक जवळपास निम्मा धूर सोडतात. म्हणून 'कमी वापरा' हा उपदेश ऐकला की मी आधी विचारतो, हे कुणाला चाललंय?

कारण एक गोष्ट आपण विसरायची नाही. चांगली वस्तू वापरणं ही आपल्यासाठी चैन कधीच नव्हती, ते बंड होतं. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, जातीची खूण दाखवणारं लुगडं नेसणं सोडा, ते जडशीळ दागिने टाका, स्वच्छ नीट नेसा. बाबासाहेब स्वतः सुटाबुटात राहिले, पंचा नेसून गरिबी मिरवली नाही. तेव्हा तुमच्यातला कोणी पहिल्या पगारातून बूट घेतो, घरात पहिला फ्रिज आणतो, तर त्याला कोणी साधेपणाचं व्याख्यान देऊ नये. साधेपणा आम्ही दोन हजार वर्षं केला. पण ज्याच्या घरी तिसरा फ्रिज येतोय त्याने आपल्या फ्रिजकडे बोट दाखवून बूट घ्यायचे नाहीत, एवढं तर कळायला हवं. आणि हे आपल्यातल्या नव्या साहेबांनाही लागू आहे. सोसायटीत फ्लॅट मिळाला की कचरा दाराबाहेर ठेवून वर न बघणारे आपल्यातही निघालेत.

सुती पिशवीचंही सांगून टाकतो. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण एजन्सीने २०११ मध्ये हिशेब प्रसिद्ध केला. एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीची हवामानाच्या हिशेबात बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आणि इथे प्रत्येक परिषदेत, प्रत्येक उद्घाटनात नवी कोरी सुती पिशवी वाटतात, वर झाडाचं चित्र. आमच्या घरी खिळ्याला अडकवलेली पिशवी बापाच्या जुन्या पँटीची आहे. तिचं १३१ कधीच पार झालं. कोणी तिचं उद्घाटन केलं नाही.

आता नंतरच्या हाताकडे येतो. देवनारचा डेपो कधीचा? १९२७ चा. महाडच्याच सालचा. तिकडे आपण तळ्यावर गेलो आणि इकडे मुंबईने आपल्यासाठी कचऱ्याचा डोंगर मांडायला घेतला. त्याच्याही आधी, १९०६ साली, कुर्ल्याहून चेंबूरकडे रेल्वे टाकली, ती कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांना त्या लाईनवर १९२४ मध्ये घेतलं. हार्बर लाईनने येणाऱ्यांनो, ध्यानात ठेवा, त्या रुळांवर आपल्या आधी कचरा बसला होता. (त्याच लाईनवर गोदीच्या अंगाला एक स्टेशन आहे, कॉटन ग्रीन. तिथे आता कॉटनही नाही आणि ग्रीनही नाही.) जानेवारी २०१६ मध्ये डोंगर पेटला. कित्येक दिवस धूर. आसपासच्या शाळा बंद ठेवल्या. मार्चात पुन्हा आग. मग काय झालं? भंगारवाल्यांची धरपकड झाली आणि वेचणाऱ्या बायांना दरवाजा बंद झाला. ज्यांनी कचरा केला त्यांना कोणी विचारलं नाही, तुमचं काय जळत होतं तिथे? आणि २०२४ साली सरकारने त्याच डेपोतली सव्वाशेच्या घरातली एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. धारावीचं तेरा कंपाउंड म्हणजे या शहराचं प्लास्टिक, पुठ्ठा, डबे यांना दुसरा जन्म देणारी जागा. शहराचा कचरा निस्तरणाऱ्या धारावीला घर कुठे? कचऱ्यावर.

सायकलचं सांगू का? सायकल तर चांगलीच वस्तू. तानसाची पाइपलाइन सुरक्षित राहावी म्हणून कोर्टाच्या आदेशाने तिच्या कडेच्या झोपड्या तोडल्या. मोकळ्या जागेवर पालिकेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक आखला, नाव हिरवं-निळं, गोड. आणि तिथली माणसं पाठवली माहुलला, तेलशुद्धी कारखान्यांच्या सावलीत. डिसेंबर २०१५ मध्येच हरित लवादाने म्हटलं होतं की तिथली हवा आरोग्याला धोक्याची आहे. तरी पाठवली. पोरांची अंगं फुटली, म्हातारी खोकून गेली. माझी एक मावसबहीण तिथे होती. पाइपलाइनच्या कडेने ती सायकलवर शाळेत जायची.

आणि आधीचा हात, म्हणजे आमचा. परदेशातला माणूस आपला कचरा चार रंगांच्या डब्यांत वेगळा करतो, बरं वाटून झोपतो. तो डबा कुठे जातो? बऱ्याचदा बोटीत. मी अशा मालाचे कंटेनर रिकामे केलेत. कागदावर लिहिलेलं 'रद्दी कागद'. सील तोडलं की वास येतो आणि आत ओल्या कागदाबरोबर पोराचे लंगोट, औषधांच्या बाटल्या, प्लास्टिक. हातमोजा मागितला तर मुकादम म्हणतो, कागद तर आहे, चावतो का? धोक्याचा कचरा देशोदेशी फिरू नये म्हणून १९८९ साली बासेलला करार झाला. भारताने २०१९ मध्ये प्लास्टिकचा कचरा बाहेरून आणायला बंदी घातली. तरी रद्दीच्या पोटातून तो येतोच. २००६ मध्ये फ्रान्सची 'क्लेमेन्सो' ही विमानवाहू नौका अ‍ॅस्बेस्टॉससकट अलंगला तोडायला निघाली होती, एवढा गवगवा झाला की परत बोलवावी लागली. ती एक परत गेली. गवगवा न झालेल्या बोटी रोज लागतात.

मग करायचं काय? मघाशी मागून एका भावाने विचारलं, म्हणजे आपण बिनधास्त प्लास्टिक फेकायचं का? नाही भावा. ओलं-सुकं वेगळं आपणही करायचं, पण पृथ्वीमातेसाठी नाही. खरकट्यात हात घालून बाटली काढणारी बाई तुझी मावशी आहे म्हणून करायचं. काच फुटली तर कागदात गुंडाळून वर लिहायचं. पुण्याच्या कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांनी, ज्यातल्या बहुतेक आपल्याच आहेत, १९९३ मध्ये पंचायत उभी केली. त्यांनी शहराला सांगितलं, वापरलेला सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही तो उघडणार नाही. एका ठिपक्याची मागणी! तीसुद्धा करावी लागली. आणि २०१३ साली त्यांनी वापरलेल्या नॅपकिनच्या गोण्या भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिल्या. तुमचा माल, तुम्ही बघा. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत मग आलं की कंपन्यांनी गुंडाळून फेकायला पिशवी द्यावी. उन्यानंतरच्या त्या मेलेल्या गाई आणि पुण्याच्या या गोण्या, मला दोन्ही एकाच चळवळीतल्या वाटतात.

म्हणून माझा प्रस्ताव छोटा आहे. आपल्या चार वस्त्यांत महिनाभर फक्त पुड्या आणि चमकीची पाकिटं गोळा करायची. शाम्पू, वेफर्स, गुटखा, बिस्किट. ती कोणी वेचत नाही, म्हणून मावश्यांच्या पोटावर पाय येणार नाही. कंपनीप्रमाणे वेगळी करायची, गोण्या भरायच्या, वजन लिहायचं आणि पाठवायच्या. सोबत वेचण्याच्या मजुरीचं बिल जोडायचं, ते मावश्यांच्या नावाने. पत्ता शोधायला कुठे जायचं नाही, प्रत्येक पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो. ज्यांना यायचंय त्यांनी शिबिर संपल्यावर नाव द्या. गोण्या आणि सुतळी माझ्याकडे लागली.

जय भीम.